चिठ्ठ्या आधी वाचा, दगड नंतर

तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही इंग्लंडमध्ये पूर्व यॉर्कशरला राहता. गावातल्या एका जुन्या घरातलं सामान लिलावात निघालं, त्यातली चार खणांची लाकडी पेटी तुम्ही घेतली. आत चाळीसेक चकमकीचे दगड निघाले: बाणांची टोकं, तासण्या, लांबट पाती. शिवाय घासून गुळगुळीत केलेली एक दगडी कुऱ्हाड, खापराचे दोन तुकडे आणि वर्तमानपत्रात बांधलेली जळक्या हाडांच्या बारीक तुकड्यांची पुडी. काही दगडांवर पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आहेत, त्यातल्या एकीवर ‘ब्रिडलिंग्टन, १८६८’ असं वाचता येतं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हे खरं आहे का, किंमत किती येईल, आणि सगळ्यावर धुळीचा थर आहे तर धुऊन, चिठ्ठ्या सोडवून, काचेच्या कपाटात नीट मांडू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. धुऊ नका. चिठ्ठ्या सोडवू नका. एका खणातला दगड दुसऱ्या खणात ठेवू नका. पुडीचा कागद फेकू नका. एवढं पाळलंत तर बाकीचं सगळं सावकाश करता येईल.

मी वीसेक वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या लहान म्युझियमांत जुन्या संग्रहांची नोंदणी करते आहे. माझ्या टेबलावर येतात ते बहुतेक तुमच्या पेटीसारखेच खोके असतात. कुणाच्या पणजोबांनी जमवलेले, कुणाच्या माळ्यावर सापडलेले, कुठल्या तरी बंद पडलेल्या संस्थेकडून आलेले. आणि घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘खरं की खोटं’ हेच विचारतो. माझ्या मते खरा प्रश्न तो नाही. खरा प्रश्न ‘कुठलं’ हा आहे.

चकमकीच्या दगडाची हत्यारं इंग्लंडच्या शेतांतून हजारोंनी वर आली आहेत. नुसतं एक टोक हातात घेतलं तर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते कौशल्याने घडवलं, यापलीकडे फारसं काही कळत नाही. पण तेच टोक अमुक गावाच्या अमुक शेतातलं, अमुक दफनाच्या टेकाडातल्या सांगाड्याशेजारचं, अमुक भांड्यासोबतचं आहे एवढं कळलं, की त्यावरून माणसांविषयी बोलता येतं. हा दुवा बहुतेक वेळा दोन बोटं रुंदीच्या कागदावर टिकून असतो. कागद गेला की दुवा गेला, आणि कुठल्याही प्रयोगशाळेत तो पुन्हा तयार करता येत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खोक्यातल्या खापरांभोवतीचे वर्तमानपत्राचे कागद मी कचऱ्यात टाकले आणि खापरं नव्या टिश्यू कागदात गुंडाळली. पुढे कळलं की संग्राहकाने प्रत्येक कागदाच्या कडेला पेन्सिलीने शेताचं नाव लिहून ठेवलं होतं. ती खापरं आजही तशीच पडून आहेत, व्यवस्थित, स्वच्छ आणि बेवारशी. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ही पेटी भरणारी माणसं कोण असतील, ते सांगते. ते समजलं की चिठ्ठ्या वाचणं सोपं जातं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात पुराणवस्तूंचा नाद असलेली माणसं होती. पाद्री, डॉक्टर, वकील, औषधविक्रेते, धान्याचे व्यापारी, शाळामास्तर. विद्यापीठात पुरातत्त्व हा विषय तेव्हा जवळजवळ नव्हताच. जे काही होतं ते या मंडळींच्या घरात, त्यांच्या पत्रव्यवहारात आणि त्यांच्या मंडळांत होतं. १८४३ मध्ये ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली, १८४४ मध्ये तिचं पहिलं संमेलन कँटरबरीला भरलं, आणि आलेल्या पाहुण्यांसमोर जवळच्या माळावरची प्राचीन दफनांची टेकाडं खास उघडून दाखवण्यात आली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ससेक्स, सॉमरसेट, विल्टशर, केंट अशी जिल्ह्याजिल्ह्यांची मंडळं उभी राहिली. आगगाडीने एका दिवसात जाऊन येता येऊ लागलं, आणि १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागलं. हा नाद एवढा पसरला त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

तुमच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव जॉन रॉबर्ट मॉर्टिमर. १८२५ मध्ये फिम्बर या खेड्यात जन्मलेला, ड्रिफील्डला धान्याचा व्यापार करणारा माणूस. १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन पाहून त्याला जीवाश्मांची आणि पुराणवस्तूंची ओढ लागली. यॉर्कशर वोल्ड्सच्या खडूच्या टेकड्यांवर पूर्वी मेंढ्या चरायच्या. त्या जमिनी नांगराखाली आल्या आणि दर हंगामाला चकमकीची हत्यारं वर येऊ लागली. मॉर्टिमरचा शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार होता. मजुरांना काय शोधायचं ते त्याने शिकवलं, आणलेल्या वस्तूला पैसे दिले. बघता बघता इतरही गिऱ्हाइकं उभी राहिली आणि भाव वाढले. १८६३ च्या सुमारास तो स्वतः टेकाडं खोदू लागला. नांगराने ती वर्षागणिक सपाट होत चालली होती, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. १८७८ मध्ये त्याने ड्रिफील्डला या संग्रहासाठी स्वतःच्या खर्चाने म्युझियमची इमारत बांधली. चाळीस वर्षांच्या कामाचा ग्रंथ १९०५ मध्ये निघाला, त्यात त्याच्या मुलीने, ॲग्नेसने, काढलेली हजाराहून जास्त चित्रं आहेत. १९११ मध्ये तो वारला. संग्रह पुढे हल शहराला मिळाला आणि आजही तिथेच आहे.

मला मॉर्टिमरविषयी फार आदर आहे, आणि त्याचं कारण त्याने जमवलेल्या वस्तूंची संख्या नाही. प्रत्येक टेकाडाला त्याने क्रमांक दिला, आत काय कुठे पडलं होतं ते लिहिलं, आणि ते छापलं. त्यामुळे आज शंभराहून जास्त वर्षांनी एखाद्या भांड्याचा विचार करताना त्याच टेकाडातल्या बाकीच्या वस्तूंकडे परत जाता येतं.

सगळे असे नव्हते. डर्बीशरचा टॉमस बेटमन मॉर्टिमरच्या आधीचा, १८२१ ते १८६१. घरचा श्रीमंत, आणि कामाचा झपाटा असा की कधी कधी एका दिवसात एकाहून जास्त टेकाडं उघडायचा. आजच्या हिशेबाने ही घाई अंगावर काटा आणते. एका टेकाडाला आम्ही आज महिने देऊ. पण त्याच बेटमनने १८४८ मध्ये बेंटी ग्रेंज इथे वर रानडुकराची आकृती असलेलं अँग्लो-सॅक्सन (रोमनांनंतर इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांचं) शिरस्त्राण शोधलं, त्याचं वर्णन लिहिलं, १८५५ मध्ये स्वतःच्या संग्रहाची छापील यादी काढली आणि खोदलेल्या टेकाडांत आपलं नाव घातलेले शिशाचे पत्रे ठेवले. नंतरच्या माणसाला कळावं की इथे कुणीतरी आधी येऊन गेलंय. घाई आणि काळजी एकाच माणसात होती. या लोकांना नुसते ‘थडगी लुटणारे’ म्हणून मोकळं होणं मला म्हणूनच पटत नाही.

बेटमनची गोष्ट तुमच्या पेटीसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. तुमच्याच परगण्याच्या उत्तरेला पिकरिंगमध्ये जेम्स रडॉक नावाचा एक माणूस टेकाडं खोदायचा आणि सापडलेलं बेटमनला विकायचा. बेटमनचा संग्रह १८७६ मध्ये शेफील्डच्या म्युझियमला उसना दिला गेला आणि १८९३ मध्ये त्यातला मोठा भाग शहराने विकत घेतला. म्हणून यॉर्कशरच्या उत्तरेकडची भांडी आज शेफील्डच्या म्युझियममध्ये आहेत. दुसरं उदाहरण डरहमचे कॅनन, म्हणजे कॅथीड्रलचे पाद्री, विल्यम ग्रीनवेल. तेही वोल्ड्सवर खोदायला यायचे. त्यांची टेकाडांतली भांडी १८७९ मध्ये ब्रिटिश म्युझियमला गेली, चकमकीच्या हत्यारांचा संग्रह १८९५ मध्ये डॉ. स्टर्ज यांनी विकत घेतला आणि तो १९१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमला पोचला, आणि काशाची हत्यारं १९०८ मध्ये अमेरिकन बँकमालक जे. पी. मॉर्गन यांनी विकत घेतली आणि त्याच म्युझियमला दिली. एका माणसाचा संग्रह, तीन वाटा. प्रत्येक वाटेवर कुणीतरी काहीतरी काढून घेतं, कुणाला भेट देतं, कुणाशी अदलाबदल करतं. पेटीवर कुणाचं नाव आहे यावरून आतली प्रत्येक वस्तू त्याच माणसाने त्याच भागात शोधली असं धरून चालू नका.

आता ब्रिडलिंग्टनच्या चिठ्ठीकडे येते, कारण ती वाचताक्षणी माझे कान टवकारले.

व्हिटबीजवळ १८१५ मध्ये जन्मलेला एडवर्ड सिम्पसन हा माणूस ‘फ्लिंट जॅक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तरुणपणी तो जीवाश्म गोळा करून अभ्यासकांना विकायचा. १८४३ च्या सुमारास त्याने काटेरी बाणटोक पाहिलं आणि तसं घडवायला तो स्वतःच शिकला. पुढची वीस-पंचवीस वर्षं तो देशभर पायी हिंडला आणि आपल्या हातची टोकं, कुऱ्हाडी, मातीची ‘प्राचीन’ भांडीसुद्धा संग्राहकांना आणि म्युझियमांना विकत राहिला. ब्रिडलिंग्टनचा किनारा हा त्याचा सुरुवातीचा मुलूख. जानेवारी १८६२ मध्ये त्याने लंडनला भूशास्त्रज्ञांच्या सभेत सगळ्यांसमोर टोक घडवून दाखवलं. १८६७ मध्ये बेडफर्डला चोरीसाठी त्याला वर्षाची कैद झाली.

तुम्ही म्हणाल, मग १८६८ ची वस्तू त्याची असणं कठीण. घाई करू नका. चिठ्ठीवरचं साल वस्तू सापडल्याचं असू शकतं, विकत घेतल्याचं असू शकतं किंवा चिठ्ठी लिहिल्याचं असू शकतं. त्याने १८४५ मध्ये विकलेलं टोक एखाद्या दुकानातून, एखाद्या मृत संग्राहकाच्या लिलावातून फिरत फिरत १८६८ मध्ये तुमच्या पेटीत येऊ शकतं. आणि नुसत्या दगडाच्या जातीवरूनही निकाल लागत नाही. वोल्ड्सच्या खडूतला चकमक दगड साधारण करडा-पांढरट, धुरकट आणि ठिसूळ असतो. किनाऱ्यावर, हिमनदीने आणून टाकलेल्या मातीत मिळणारा दगड तपकिरी, थोडा पारदर्शक आणि घडवायला चांगला. प्राचीन कारागिरांनी हाच किनाऱ्याचा दगड पसंत केला, आणि फ्लिंट जॅकनेही तोच उचलला.

मग मी काय बघते? भिंग घेऊन आधी छिलक्यांचे, म्हणजे घडवताना कपच्या उडाल्या तिथले, खड्डे बघते. फार वर्षं मातीत राहिलेल्या दगडावर एक धुरकट पांढरी किंवा निळसर साय येते. ती सगळ्या खड्ड्यांवर सारखी पसरली असेल तर ते चांगलं लक्षण. जुन्या सायीच्या पृष्ठभागावर मधेच ताजे, चकचकीत खड्डे असतील तर दगड जुना आणि घडण नवी असण्याची शक्यता. लोखंडी हातोडीने घडवलं असेल तर ठोका बसला तिथे फुगीर उंचवटा ठळक येतो, कधी तांबूस गंजाची रेघ उमटते. पण इथेही जपून: नांगराच्या फाळाची धडक बसलेल्या अस्सल दगडावरही गंजाची रेघ येते. फरक असा की नांगराची रेघ वाटेल तशी आडवीतिडवी जाते, आणि घडवणाऱ्याच्या हातोडीच्या खुणा कडेलगत, ओळीने, ठोक्याच्या जागीच असतात. एकाच खुणेवर मी कधीच निर्णय देत नाही. तीन-चार खुणा एका बाजूला झुकल्या तर बोलते, नाहीतर ‘सांगता येत नाही’ असं लिहिते. नोंदवहीत ही तीन शब्दांची नोंद करायला कमीपणा वाटता कामा नये.

समजा एखादं टोक फ्लिंट जॅकचंच निघालं. तेही फेकायचं नाही. त्या काळच्या संग्राहकांना काय हवं होतं, ते कसे फसले, बाजार कसा चालला, याचा तो पुरावा आहे. त्याला त्याच्या चिठ्ठीसकटच ठेवा.

चिठ्ठ्या कशा वाचायच्या ते आता सविस्तर सांगते. माझ्या कामाचा हा सगळ्यात आवडता भाग.

आधी अक्षर. सगळ्या चिठ्ठ्यांचे सरळ वरून, एकाच उजेडात फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. किती हातांचं अक्षर आहे? बहुतेक पेट्यांत दोन-तीन निघतात: मूळ संग्राहक, त्याची वस्तू विकत घेणारा, आणि कधी तरी घरातली मुलगी किंवा सून. सगळ्यात जुनं अक्षर बहुधा सगळ्यात जवळचं साक्षीदार. नंतरच्या हाताने जुन्या चिठ्ठीवरचं उतरवून घेताना गावाचं नाव चुकवलेलं मी अनेकदा पाहिलंय.

मग शब्द. काळ शब्दांत लपलेला असतो. ‘प्राचीन ब्रिटिश’ एवढंच लिहिलं असेल तर तो जुना रिवाज. ‘पुराश्मयुग’ आणि ‘नवाश्मयुग’ यांसाठीचे इंग्रजी शब्द जॉन लबक यांनी १८६५ मध्ये रूढ केले. म्हणजे चिठ्ठीवर ‘निओलिथिक’ असेल तर ती त्याआधीची असूच शकत नाही. ‘मेसोलिथिक’ म्हणजे मध्याश्मयुगीन हा शब्द इंग्लंडमध्ये नीट रुळला तो १९३० च्या दशकात. त्याआधी त्या युगातल्या बारीक पात्यांना ‘पिग्मी’ म्हणजे बुटके दगड म्हणायचे. एका शब्दावरून चिठ्ठी पन्नास-साठ वर्षं मागेपुढे सरकते.

मग आकडे. दगडावरच शाईने लिहिलेले आकडे असतील तर ते कुठल्या तरी वहीतले किंवा छापील यादीतले क्रमांक असतात. टेकाडांना ग्रीनवेलने १८७७ च्या आपल्या ग्रंथात रोमन आकडे दिले, मॉर्टिमरने साधे. म्हणून गावाच्या नावापुढे रोमन आकडा दिसला तर मी आधी ग्रीनवेलचा ग्रंथ उघडते. हा नियम नाही, सुरुवात करायची जागा आहे. दोन्ही ग्रंथ आज कुणालाही मोफत वाचता येतात.

मग मागची बाजू. चिठ्ठ्या बहुधा घरातल्या रद्दी कागदाच्या: पत्राचा तुकडा, भेटकार्डाची अर्धी पट्टी, दुकानाचं बिल. दगडापासून आपोआप सुटून खणात पडलेली चिठ्ठी असेल तरच ती उलटून बघा, चिकटलेली उचकटू नका. सुटलेली चिठ्ठी कुठे पडली होती त्या जागेचा फोटो काढल्याशिवाय तिला हात लावू नका. पाठीमागे गावाचा अर्धा पत्ता किंवा व्यवसायाचं नाव निघालं तर संग्राहक कोण होता त्याचा माग तिथूनच लागतो. आणि पुडीचं वर्तमानपत्र: त्याच्यावर तारीख असेल तर पुडी त्या तारखेनंतर कधीतरी बांधली गेली एवढं नक्की. आतली हाडं कधी सापडली हे त्यावरून ठरत नाही. पण वर्तमानपत्र कुठल्या गावचं आहे हेही कामाचं.

दगडी कुऱ्हाडीविषयी स्वतंत्रपणे सांगते. ती हिरवट-करड्या बारीक कणांच्या दगडाची असेल, तर कंब्रियातल्या ग्रेट लँगडेलच्या डोंगरातली असण्याची शक्यता आहे. त्या डोंगरातल्या कुऱ्हाडी नवाश्मयुगात दूरवर गेल्या आणि पूर्व यॉर्कशरमध्ये त्या पुष्कळ सापडतात. पण ती चकमकीची, मोठी आणि फारच देखणी असेल तर मी सावध होईन. व्हिक्टोरियन बाजारात डेन्मार्कच्या कुऱ्हाडी आणि आयर्लंडच्या अँट्रिममधली हत्यारं भरपूर विकली जायची. ती इंग्रजी संग्रहांत शिरली आणि पुढे कुणीतरी प्रेमाने त्यांना स्थानिक गावाचं नाव चिकटवलं. यात लबाडीच असते असं नाही. वडिलांच्या पेटीतलं सगळं आपल्याच गावचं, असं मुलांना वाटतंच.

हे सगळं किती परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. मी तुमची पेटी पाहिलेली नाही. चिठ्ठ्यांचं अक्षर एकाच माणसाचं निघालं, गावं एकमेकांजवळची निघाली आणि आकडे एखाद्या छापील यादीशी जुळले, तर तुमच्या हातात खरोखर मोलाचा छोटा संग्रह आहे. चिठ्ठ्या चार हातांच्या, गावं देशभरची आणि आकडे विस्कळीत असतील, तर ती एखाद्या हौशी माणसाने लिलावांतून जमवलेली पेटी असेल. तरीही ती कामाची आहे, पण तिच्यावरून वोल्ड्सच्या इतिहासाविषयी काही ठामपणे बोलता येणार नाही. आणि मागच्या मालकाने सगळे दगड ‘छान दिसावं’ म्हणून आकारानुसार लावले असतील तर खणांच्या मांडणीवर विश्वास ठेवता येणार नाही, फक्त चिकटलेल्या चिठ्ठ्यांवर ठेवता येईल.

वस्तूसोबत वही असली की काय होतं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण माझ्या मते केंटचं आहे. ब्रायन फॉसेट या पाद्र्याने अठराव्या शतकात तिथली अँग्लो-सॅक्सन थडगी खोदली आणि थडग्यागणिक नोंदी ठेवल्या. त्याचा संग्रह १८५० च्या दशकात विक्रीला आला तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांनी तो नाकारला. लिव्हरपूलचे सोनार जोसेफ मेयर यांनी तो विकत घेतला, वह्यांसकट. चार्ल्स रोच स्मिथ यांनी त्या वह्या संपादित केल्या आणि त्या १८५६ मध्ये छापून आल्या. रोच स्मिथ हे स्वतः लंडनमधले औषधविक्रेते, शहरातल्या गटारांच्या आणि नदीच्या खोदकामातून जमवलेला त्यांचा संग्रह त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने २,००० पौंडांना घेतला. १८६७ मध्ये मेयर यांनी आपला सगळा संग्रह लिव्हरपूल शहराला देऊन टाकला. वह्या वेगळ्या झाल्या असत्या तर फॉसेटच्या पिना आणि मणी हे नुसते दागिने उरले असते.

एक गोष्ट मनात आली ती सांगून टाकते, कारण तुम्ही आणि मी दोघंही मराठी. मी नागपूरची. शहराबाहेर जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, लहानपणी तिथे सहलीला गेले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते याच पिढीचे आणि याच नादाचे. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. म्हणजे ज्या सुमारास मॉर्टिमर यॉर्कशरमध्ये पहिलं टेकाड उघडत होता, त्याच सुमारास. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीच्या वर्तुळांविषयी लिहिलं आणि तिथल्या शिळांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी केली. ही तुलना आज कुणी मान्य करणार नाही. पण कुठल्या शिळेवर किती खळगे होते हे त्याने लिहून ठेवलं म्हणून आपण आज त्याच्याशी वाद घालू शकतो. त्याच्यासाठी खड्डे खणणाऱ्या मजुरांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत, तशी वोल्ड्सच्या मजुरांचीही बहुतेक नाहीत. म्हणून तुमच्या एखाद्या चिठ्ठीवर ‘अमक्याने आणलं’ असं नाव असेल तर मला ते जरूर कळवा. अशी नावं मी वेगळ्या वहीत टिपून ठेवते.

आता कामाचा क्रम. पेटी जशी आहे तशी, प्रत्येक खणाचा वरून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी, चिठ्ठी दिसेल असा. फोटोच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हलचं अल्बियन स्ट्रीटवरचं म्युझियम १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, मॉर्टिमरचा संग्रह दुसऱ्या इमारतीत होता म्हणून वाचला. कागदाचं आणि लाकडाचं आयुष्य असंच असतं. त्यानंतर एक साधी यादी करा: खण, वस्तू, चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा. शुद्धलेखन सुधारू नका, न कळलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. पेन्सिलच वापरा, आणि दगडावर काही लिहू नका. लिलाव करणाऱ्याकडे ते सामान कुठल्या घरातलं होतं एवढं विचारून ठेवा, आज ना उद्या तेही विसरलं जाईल.

हाडांची पुडी उघडू नका. जळकी हाडं टेकाडातली असतील तर माणसाची असू शकतात, आणि त्यांना तसाच मान द्यायला हवा. तुमच्या भागात पुराणवस्तूंची नोंद करणारा सरकारी योजनेचा अधिकारी असतो. त्याला आधी त्या पुडीविषयी कळवा, मग बाकीची पेटी दाखवा.

कायद्याचं थोडक्यात: १९९६ च्या कायद्यातला ‘खजिना’ म्हणजे मुख्यतः सोनं-चांदी आणि काही धातूच्या वस्तू, सुटे चकमकीचे दगड त्यात येत नाहीत. पण पुढेमागे भारतात परतताना पेटी सोबत न्यायचा विचार असेल तर थांबा. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो.

किमतीविषयी मी आकडा सांगणार नाही. म्युझियममध्ये काम करणाऱ्यांनी तो सांगू नये, असं मी मानते. एवढंच सांगते की पेटी फोडून एकेक टोक वेगळं विकायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. मॉर्टिमरच्या काळात मजुराकडून एकेक टोक वेगळ्या गिऱ्हाइकाला गेलं आणि त्या शेतांची अर्धी माहिती तिथेच विखुरली. तुमची पेटी निदान आज एकत्र आहे. ती कधी सोडायचीच झाली तर पूर्ण, चिठ्ठ्यांसकट आणि तुमच्या यादीसकट, आधी हल किंवा जवळच्या म्युझियमला विचारून सोडा.

पहिल्या पायरीसाठी मला फक्त दोन फोटो हवे आहेत: ‘ब्रिडलिंग्टन, १८६८’ ची चिठ्ठी जवळून, आणि पुडीच्या वर्तमानपत्राची बाहेरून दिसणारी बाजू. पुडी न उघडता जेवढं दिसेल तेवढंच. त्यावर कुठल्या गावाचं नाव आहे ते आधी पाहू, मग कुठला छापील ग्रंथ उघडायचा ते ठरवू.